अठरा तासांची गोष्ट आणि आठ तासांचा हक्क

एप्रिल महिना लागला की आपल्या विहारांत, वसतिगृहांत आणि महाविद्यालयांत 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. मुले सकाळी सहाला पुस्तक घेऊन बसतात ती रात्री बाराला उठतात. परदेशात शिकताना बाबासाहेब दिवसाला अठरा अठरा तास अभ्यास करत, त्याची ही आठवण. उपक्रम चांगलाच आहे. ज्या घरात पुस्तक ठेवायला फळी नव्हती त्या घरातले पोर एक दिवस अठरा तास पुस्तकापुढे बसते, ही लहान गोष्ट नाही.

पण ही गोष्ट जयंतीपुरती राहत नाही, ती वर्षभर घरात वापरली जाते. रात्री अकराला कामावरून आलेला मुलगा "आज फार दमलो" म्हणाला, की कुणीतरी पटकन म्हणते, "बाबासाहेब अठरा तास काम करायचे." सुट्टीच्या दिवशी दुपारी आडवे पडलेल्या माणसाला मग आपलेच मन खाऊ लागते. आपण आळशी तर नाही ना? आपण समाजाला कमी तर पडत नाही ना?

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण एवढेच, की ही गोष्ट आपण अर्धीच सांगतो. उरलेल्या अर्ध्या गोष्टीत बाबासाहेबांचा मधुमेह आहे, त्यांचे दुखरे पाय आहेत आणि कामाचे तास कमी करणारा त्यांनीच आणलेला कायदाही आहे.

दिवसाचा हिशेब

आधी आपला दिवस मांडून पाहू. ठाकुर्लीला जलद गाडी थांबत नाही. धीम्या लोकलने सीएसएमटी गाठायला सव्वा तासाहून अधिक लागतो. घर ते स्टेशन आणि तिकडे स्टेशन ते कामाची जागा धरली, तर जाऊन-येऊन तीन तास सहज जातात. सुरक्षारक्षकाची, हाऊसकीपिंगची किंवा गोदामातली ड्युटी बारा तासांची असेल तर झाले पंधरा. उरले नऊ. त्यात पाणी भरणे, अंघोळ, जेवण, मुलांचे काही बघणे, दुखलेखुपले. झोपेला पाच-साडेपाच तास मिळाले तर नशीब.

बाईचा हिशेब याहून वाईट. सकाळी डोंबिवलीच्या इमारतींत चार-पाच घरची धुणीभांडी, दुपारी घरी येऊन स्वयंपाक, संध्याकाळी पुन्हा दोन घरचे पोळ्यांचे काम. रात्री घरातली भांडी तिचीच. तिच्या कामाला ड्युटी म्हणत नाहीत, म्हणून तिचे तास कुणी मोजतही नाही.

आपल्या ठाकुर्लीत एकेकाळी रेल्वेचे चोळे पॉवर हाऊस होते. लोकल गाड्यांना त्याची वीज जायची. असे वीजघर दिवसरात्र चालू ठेवावे लागते, म्हणून तिथे पाळ्या असतात. एक माणूस घरी जातो, दुसरा त्याच्या जागी येतो. यंत्र चोवीस तास चालू ठेवायचे असेल तर माणसे बदलावी लागतात, हे कारखाना चालवणाऱ्यालाही कळते. घरात मात्र आपण एकाच माणसाला तिन्ही पाळ्यांना जुंपतो, कधी कधी तो माणूस स्वतःच स्वतःला जुंपतो.

सक्ती वेगळी, व्यसन वेगळे

इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली सक्ती. पगार पुरत नाही, म्हणून माणूस डबल ड्युटी करतो. त्याला आज कुणी तेवढेच पैसे आठ तासांत दिले तर तो उद्यापासून वेळेवर घरी येईल. त्याला उपदेश करून उपयोग नाही. त्याला पुरेसा पगार आणि कायद्याचे संरक्षण हवे.

दुसरे व्यसन. पैशाची गरज भागली तरी माणसाला थांबता येत नाही. काम नसले की तो अस्वस्थ होतो, चिडतो. अमेरिकेतले धर्मोपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ वेन ओट्स यांनी दारूच्या व्यसनासाठीच्या शब्दावरून 'वर्कोहोलिक' हा शब्द तयार केला आणि १९७१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. दारू पिणाऱ्याला लोक नावे ठेवतात, कामाच्या व्यसनी माणसाला मात्र शाबासकी मिळते. म्हणून हे व्यसन उशिरा लक्षात येते.

नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये यासाठी सात खुणांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. गेल्या वर्षभराचा विचार करून स्वतःला विचारा:

१. कामाला आणखी वेळ कसा काढता येईल, हाच विचार डोक्यात असतो का?
२. ठरवले त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ कामात जातो का?
३. मनातली अपराधी भावना, चिंता, उदासी विसरण्यासाठी तुम्ही काम करता का?
४. "काम कमी कर" असे घरच्यांनी सांगूनही तुम्ही ऐकत नाही का?
५. काम करू दिले नाही तर बेचैनी येते का?
६. आवडीच्या गोष्टी, फिरणे, व्यायाम कामापायी सुटले आहेत का?
७. कामामुळे तब्येत बिघडली आहे का?

यापैकी चार किंवा अधिक प्रश्नांचे उत्तर 'बऱ्याचदा' किंवा 'नेहमीच' असेल, तर सावध व्हायला हवे. हे डॉक्टरांचे निदान नव्हे, धोक्याची खूण आहे.

"हे तर साहेब लोकांचे दुखणे, आपल्या वस्तीत कुठले?" असे कुणी म्हणेल. पण आता आपल्याही घरांतली मुले बँकेत, आयटीत, रुग्णालयात, सरकारी कार्यालयात आहेत. शिवाय तिसऱ्या खुणेकडे पुन्हा बघा. मनातले दुखणे विसरण्यासाठी काम करणे रिक्षाच्या हँडलवरही घडते आणि शिलाई मशीनवरही.

शरीर काय सांगते

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून केलेला अभ्यास मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयरोगाने मरण येण्याचा धोका १७ टक्के जास्त आढळला. २०१६ या एका वर्षात लांबलचक कामाच्या तासांमुळे जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने आणि हृदयरोगाने गेली, असा त्यांचा अंदाज आहे. आपला बारा तास ड्युटी करणारा माणूस सहा दिवसांत ७२ तास भरतो. प्रवास यात धरलेलाच नाही.

हे होते कसे? सतत ताण असला की शरीरात ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात, त्याने रक्तदाब आणि रक्तातली साखर वर जाते. झोप कमी पडली की भूक वाढते, त्यातही गोड आणि तळलेले खावेसे वाटते. वेळ नाही म्हणून जेवण वडापाव आणि चहावर भागते. जागे राहण्यासाठी तंबाखू, झोप यावी म्हणून रात्री दारू. चालणे, व्यायाम संपतो. अंगावर काढायची सवय असते म्हणून तपासणी होत नाही. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. एक दिवस गाडीतून उतरताना हात लुळा पडतो, तेव्हा कळते.

जपानी भाषेत अतिकामाने येणाऱ्या मृत्यूसाठी 'करोशी' असा स्वतंत्र शब्दच आहे. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीत काम करणारी २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली. नोकरीला लागून तिला चारच महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कामाच्या बोजाकडे बोट दाखवले, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला होता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तासांचे म्हणणे गाजले. ज्यांच्या घरी स्वयंपाकाला, गाडीला, मुलांना वेगळी माणसे आहेत त्यांचे ९० तास आणि आपले ९० तास सारखे नसतात.

आपल्यालाच थांबायला का जमत नाही?

आपल्या समाजात याला एक वेगळे कारण आहे. ते उघड बोलले पाहिजे.

आपला मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागते तेव्हा पहिल्या दिवसापासून पाठीमागे कुजबुज असते, "कोट्यातून आलाय." कधी ती तोंडावर होते, कधी नुसत्या नजरेत दिसते. मग तो ठरवतो, की दुसऱ्याने एक फाईल काढली तर मी दोन काढीन. तो सर्वांत आधी येतो, सर्वांत शेवटी जातो, रजा घेत नाही, आजारपणातही हजर होतो. यात जिद्द आहे, तिचा मान राखलाच पाहिजे. पण ज्याने आधीच मत बनवले आहे तो तुमच्या दुप्पट कामानेही मत बदलत नाही. तुमची तब्येत मात्र बदलते. कुणाच्या तरी टोमण्याला उत्तर म्हणून केलेले काम कधी संपत नाही, कारण टोमणा संपत नाही. आपली लायकी रोज नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही, हे घरच्यांनी त्याला सांगायला हवे.

दुसरे कारण कर्ज आणि भीती. घराचा हप्ता, मुलांची फी, गावाकडचे आईवडील. घरात एकटाच कमावता असेल तर त्याला आजारी पडायचीही भीती वाटते.

तिसरे कारण आपल्या कार्यकर्त्यांचे. दिवसभर नोकरी, संध्याकाळी विहार, रात्री बैठक, रविवारी मोर्चा किंवा मंगल परिणय. "समाजाचे काम आहे" म्हटल्यावर घरचे गप्प बसतात. पण ज्या कार्यकर्त्याची बायको एकटीने संसार ओढते, ज्याच्या मुलांना बाप भाषणातच दिसतो आणि ज्याची साखर तीनशेवर आहे, त्याच्या कामाची किंमत त्याचे घर भरते. त्या कामात बाबासाहेबांचे नाव असले, तरी ती किंमत कमी होत नाही.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९१३ ते १९१६ कोलंबिया, नंतर लंडन. अपुरे पैसे, अर्धपोटी राहणे, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंतचे वाचन. ही तपश्चर्या खरी आहे. पण ती त्यांनी का केली? शिष्यवृत्ती ठरावीक मुदतीची होती. ती मुदत संपली की पुन्हा संधी मिळेल याची खात्री नव्हती. तेव्हा त्या अठरा तासांत सक्तीही होती. ज्याला वेळ आणि पैसा दोन्ही नाकारले गेले, त्याने झोपेतून वेळ काढला.

त्याची किंमत शरीराने मोजली. पुढच्या काळात त्यांना मधुमेह होता, पायांत असह्य वेदना होत, संधिवाताचा त्रास होता, इन्सुलिनची इंजेक्शने घ्यावी लागत. संविधानाचे काम ऐन जोरात असताना तब्येत ढासळलेली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. पुढे माईसाहेब म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या स्वतः डॉक्टर होत्या. पथ्यपाणी आणि औषधोपचार बघणारे माणूस घरात असणे ही तेव्हा त्यांची गरज होती.

१० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. आपल्या तब्येतीची डॉक्टरांना काळजी वाटते, त्यांना सलग महिनाभराचे उपचार करायचे आहेत, पण त्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, असा त्याचा आशय होता. स्त्रियांच्या हक्कांचे बिल आधी, स्वतःचे औषध नंतर. बिल तेव्हा झाले नाही. सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीसुद्धा ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम करत होते. ६ डिसेंबरच्या सकाळी ते उठले नाहीत. वय होते अवघे ६५.

याचा अर्थ त्यांचे चुकले असा नाही. त्यांच्यापुढे दुसरा माणूस नव्हता, म्हणून त्यांना पाळी बदलून देता आली नाही. आपल्यापुढे आज माणसे आहेत. आणि हेही विसरू नये, की याच माणसाने उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, चित्रे काढली, बागेत आणि कुत्र्यांत जीव रमवला. कामापलीकडचे आयुष्य त्यांना हवे होते, वेळ मात्र थोडा मिळाला.

आठ तास कुणी दिले?

आपल्या भागाचा यात मोठा वाटा आहे. ठाण्यात १८४८ साली जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत. लोखंड्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज दिले. अखेर १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. आपण रविवारी विहारात जमतो तो रविवार कुणी दान दिलेला नाही, तो लढून घेतलेला आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या काळात आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ झाले. सहा दिवसांनी भागले की रोजचे आठ. त्याहून जास्त कामाला दुप्पट मजुरी. आजारपणात कामगाराला आधार देणारी राज्य विमा योजना, म्हणजे आपण जिला ईएसआय म्हणतो, तिचा आराखडाही त्यांच्याच काळात प्रा. अडारकर यांनी १९४४ मध्ये तयार केला.

पुढे संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगाराला जगण्यापुरते वेतन तर हवेच, शिवाय फुरसतीचा पुरेपूर उपभोग आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी मिळाव्यात, असे राज्याला सांगितले आहे. फुरसत हा शब्द देशाच्या संविधानात आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसत असेल तरच संस्कृती फुलते, असा विचार बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात मांडला होता. ज्याला विचार करायला वेळ नाही त्याच्यावर दुसरे राज्य करतात, हे आपल्या समाजाला वेगळे शिकवायला नको.

कारण आपल्या आजोबा-पणजोबांनी वतन पाहिले आहे. महार वतनदाराला ठरावीक तास नव्हते. सरकारी माणसाने दिवसा-रात्री केव्हाही हाक मारली की जायचे. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. आज रात्री साडेअकराला साहेबाचा मेसेज येतो, जेवते ताट सोडून मुलगा लॅपटॉप उघडतो, तेव्हा हाक मारणारा बदलला आहे, पगार चांगला आहे, पण केव्हाही हाक आली की उठायचे ही रीत ओळखीची वाटते. तिची सवय पुन्हा लावून घेऊ नये.

वीणेच्या तारा

सोण कोळिविस नावाच्या श्रीमंत घरातल्या तरुणाने भगवान बुद्धांकडे दीक्षा घेतली. साधना करताना तो इतका चालला की पायांतून रक्त आले, तरी मन शांत होईना. घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तथागत त्याच्याकडे गेले. सोण पूर्वी वीणा वाजवत असे. त्यांनी विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मग प्रयत्नांचेही तसेच आहे. अंगुत्तर निकायात ही कथा आहे.

तथागतांनी सोणला "प्रयत्न सोड" असे सांगितले नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहे, म्हणजे योग्य प्रयत्न. सम्यक आजीविकाही आहे. आळसाला धम्मात जागा नाही, पण रक्त येईपर्यंत चालण्यालाही नाही.

मग कामात अर्थ कशाने येतो? 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी म्हटले आहे, की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. जन्माने गळ्यात पडलेल्या कामात माणसाचे मन आणि बुद्धी लागत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे काम निवडता येणे, त्यात डोके वापरता येणे, त्याचा मान मिळणे आणि ते संपवून घरी जाता येणे, या चार गोष्टींनी कामात अर्थ येतो. तासांची संख्या वाढवल्याने तो येत नाही. ज्या सफाई कामगाराला हातमोजे, वेळेवर पगार आणि आठवड्याची सुट्टी मिळते, त्याला आपले काम शहराच्या आरोग्याचे आहे असे अभिमानाने म्हणता येते. या गोष्टी न देता नुसते "तुमचे काम महान आहे" म्हणणे ही फसवणूक आहे.

काय करता येईल

*घरात*

– रोज सात तास झोप हे ध्येय ठेवा. रात्रपाळी करणारा दिवसा झोपतो तेव्हा टीव्ही बंद, पडदा लावलेला, मुले बाहेर. त्याची झोप म्हणजे आळस नव्हे, हे मुलांना समजावून सांगा.

– आठवड्यातली निदान एक वेळ पूर्ण कुटुंबाने एकत्र जेवावे. त्या वेळी फोन फळीवर.

– घरकाम वाटून घ्या. रविवारची भांडी मुलगा घासेल, पाणी बाप भरेल. आईला सुट्टी नसेल तर त्या घरात रविवार आलेला नाही.

– वयाची तिशी ओलांडली की वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. महापालिकेचे डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आपल्या जवळ आहे. गोळी सुरू झाली की "बरे वाटते" म्हणून मनाने बंद करू नका.

– चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा छातीत दाबल्यासारखे दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर लिंबूपाणी देत बसू नका, १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

– झोप उडाली, सारखे रडू येते, जगण्यात अर्थ वाटत नाही, असे असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. मराठीतही बोलतात. हे बोलणे म्हणजे दुबळेपणा नाही.

*कामावर*

– किती वाजता गेलो, किती वाजता सुटलो याची रोज वहीत नोंद ठेवा. जादा तासांची मजुरी मागताना तीच कामाला येते.

– कारखान्यात ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट मजुरी हा हक्क आहे. कंत्राटदार नाही म्हणाला तर एकट्याने भांडू नका, चौघे मिळून युनियनकडे किंवा कामगार आयुक्त कार्यालयात जा.

– पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापनेत दहा किंवा अधिक कामगार असतील, तर ईएसआय लागू होते का ते विचारा. आजारपणात रजेवर असताना पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. आजारी असून कामावर जाण्याआधी हे माहीत हवे.

– घरकाम करणाऱ्या भगिनींनी एका इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून आठवड्याची एक सुट्टी ठरवावी. एकीने मागितली तर काम जाते, दहा जणींनी मागितली तर सुट्टी मिळते.

*विहारात*

– कामे पाळीने वाटा. तेच दोन कार्यकर्ते दर रविवारी खुर्च्या मांडतात आणि उचलतात, हे थांबवा. दुसरी फळी तयार करणे हेही समाजाचेच काम आहे.

– महिन्यातून एक रविवार रक्तदाब-साखर तपासणीचा ठेवा. वस्तीतल्या परिचारिका, डॉक्टर मुले-मुली आनंदाने येतील.

– अठरा तास अभ्यासाचा उपक्रम जरूर घ्या. त्यात दर दोन तासांनी उठणे, पाणी, वेळेवर जेवण ठेवा. मधुमेह असलेल्यांना आणि गरोदर भगिनींना सक्ती नको. आणि त्यातला एक तास १९४६ चा कायदा, वतनाचे विधेयक आणि ४३ वा अनुच्छेद मोठ्याने वाचायला द्या.

ज्या घरात बारा तासांची ड्युटी लगेच सुटणार नाही, तिथे हे सगळे एकदम जमणार नाही. जमेल ते एक उचला. निदान रात्री दमून आलेल्या माणसाला बाबासाहेबांचे नाव घेऊन आणखी दमवू नका. ताट वाढा, पाय दुखतात का विचारा, आणि उद्याचा डबा आज दुसऱ्या कुणीतरी भरा.